पाण्याची वेळ

आमच्या खुटबावच्या शिवारात कालव्याचं पाणी पाळीपाळीनं सोडणारे पाटकरी मामा दरवर्षी लेकीकडं रत्नागिरीला जातात. परतल्यावर मासळी, आंबे, किल्ला यांतलं काही सांगत नाहीत. "पाणी येळेवर येतं," एवढंच सांगतात.

यंदा मीही बरोबर गेलो. मामा घड्याळ बघत किनाऱ्यावर उभे राहिले. "आता सुटंल," म्हणाले. खरंच भरती सुरू झाली. "अर्ज न्हाई, फोन न्हाई!" म्हणत त्यांनी चप्पल काढून समुद्राला हात जोडले.

गावी परतलो. माझी पाळी सोमवारची, मामा उगवले बुधवारी. तोवर माझ्या उसानं माना टाकल्या होत्या. मी चिडून समुद्राची आठवण करून दिली. मामा शांतपणे म्हणाले, "व्हय, पण तिथं पाटकरी कुठं हाय?"