'पूर्वी'च्या रकान्यातली बस

महाले बाईंना राग आला की त्यांचा आवाज खाली यायचा. इतका, की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे. नाशिक शहरातून पेठच्या डोंगरातल्या त्या दोनशिक्षकी शाळेत मी रुजू झालो आणि पहिल्याच दिवशी भिंतीवर 'आमचे गाव, सुखी गाव' असं रंगवायला घेतलं. बाई जवळ येऊन पुटपुटल्या, "सर, भिंतीवर खोटं लिहू नका. पोरं वाचायला शिकलीत."

त्या वर्षी त्या तिसरीला वाहतुकीचा पाठ शिकवत होत्या. मोठ्या कागदावर 'पूर्वी' आणि 'आता' असे दोन रकाने आखून त्यांनी मुलांना चित्रं चिकटवायला दिली. बैलगाडी 'पूर्वी'त गेली, विमान 'आता'त. जयश्री नावाच्या मुलीनं बस उचलली आणि 'पूर्वी'त लावली.

"अगं, बस तिकडे," मी म्हणालो.

"बस पूर्वी यायची, सर. आता नाय येत."

खरंच होतं ते. पावसाळ्यात घाटातला रस्ता खचला तेव्हा गाडी बंद झाली, आणि रस्ता दुरुस्त झाल्यावरही कुणी ती सुरू केली नाही. जयश्रीची मोठी बहीण संगीता त्याच गाडीनं हायस्कूलला जायची. आता ती घरीच असे. तिची आई म्हणायची, "एकटीला घाटातून कशी धाडू, बाई?"

बाईंनी बस 'पूर्वी'तच राहू दिली.

पुढे तपासणीला साहेब आले. तक्ता पाहून हसले आणि बसचं चित्र स्वतःच्या हातानं उचकटून 'आता'त लावलं. "पुस्तकात आहे तेवढं शिकवा, मॅडम."

"मग संध्याकाळपर्यंत थांबा, साहेब. पोरांना बस दाखवून जा."

साहेबांना ऐकू गेलं नाही. ते पुढे वाकले. बाईंनी तेच वाक्य तितक्याच हळू पुन्हा म्हटलं. साहेब ताठ झाले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

त्यानंतर दर सुट्टीच्या दिवशी बाई गावातल्या बायकांना घेऊन घाट उतरून तालुक्याच्या डेपोत जाऊ लागल्या. तिथं एकच उत्तर मिळे : त्या मार्गाला प्रवासी नाहीत. "आम्ही पायी आलो ना, म्हणून तुम्हाला दिसत नाय," बाई म्हणाल्या. मग वर तक्रार गेली, की या शिक्षिका लोकांना भडकवतात. त्यांना खुलासा मागितला गेला. गाडी का येत नाही याचा खुलासा मात्र कुणी कुणाला मागितला नाही.

जूनमध्ये गाडी आली. तिला हार घालायला तेच साहेब हजर होते. "मॅडम, फोटोत या," त्यांनी बोलावलं. बाई हलल्या नाहीत. संगीता हिवाळ्यात आईबापांबरोबर दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला गेली होती, आणि उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं होतं. नववीत बसायचं वय तिचं.

"जिच्यासाठी डेपोत गेले ती यात नाय," बाई म्हणाल्या. या वेळी साहेब वाकलेच नाहीत.

वर्षभरात बाईंची मालेगावकडे बदली झाली. निरोपाच्या दिवशी त्यांची पिशवी गाडीत ठेवताना मी म्हणालो, "बाई, आता तरी राग सोडा. मुली जातायत ना हायस्कूलला."

"तुमचा गेला का, सर?"

"नाही."

"मग राहू द्या," त्या म्हणाल्या आणि खिडकीजवळ जाऊन बसल्या. "शाळेत कुणाला तरी राग यायला पाहिजेच."