ताईची सही

आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही, आणि मी उठून चारचौघांनी वाचावं असं काही लिहायला बसलोय. हे धाडस माझ्या कुवतीतलं नाही. पण ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही — आईला नाही, होस्टेलच्या मित्रांनाही नाही — आणि आता ती आत राहत नाही.

नाशिकला आल्यावर मला बोलायची सवय लागली. आमचा एक छोटा गट आहे. स्त्री-पुरुष समानतेची घटनेने दिलेली हमी घराच्या उंबऱ्याच्या आतही पोचली पाहिजे, म्हणून आम्ही कॉलेजांतून, नाशिक रोडच्या कॉलन्यांमधून सभा घेतो. चौदावं कलम, पंधरावं कलम मला तोंडपाठ आहेत. भाषणात माझं एक ठरलेलं वाक्य असायचं — माझ्या घरी सातबाऱ्यावर माझ्या बरोबरीनं माझ्या बहिणीचं नाव आहे. टाळ्या पडायच्या. आणि ते खरंही होतं. वडील गेल्यावर आई, ताई आणि मी, अशी तिघांची नावं लागली होती.

तुम्ही खेड्यातले असाल तर पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. आमच्या दिंडोरीकडे बाप गेला की वर्षभरात बहिणीला बोलावतात, हक्कसोडपत्रावर तिची सही घेतात, आणि साडी नेसवून, जेवू घालून परत पाठवतात. न देणारी बहीण माहेर तोडते म्हणतात. काकांनी मला फोन करून तारीख सांगितली. मी नाही म्हणालो का? नाही. उद्या दाजी द्राक्षबागेत वाटा मागतील, असं काका म्हणाले, आणि — खरं सांगतो — मलाही तेच वाटलं. बाग माझी एकट्याची असावी असं मला वाटलं.

ताई सिन्नरहून लेकीला कडेवर घेऊन आली. दाजी पितात, हात उचलतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. नोंदणी कार्यालयाबाहेर चहा पिताना काका सगळ्यांसमोर म्हणाले, "काय वकीलसाहेब, आज तुमच्या संविधानाला सुट्टी का?" सगळे हसले. मीही हसलो. ताई नाही हसली. तिनं मला बाजूला घेतलं. ती सातवीपर्यंत शिकलेली. पुढची शाळा लांब होती, आणि सायकल एकच होती — ती मला मिळाली.

ती म्हणाली, "तू शिकलाय. सही केल्यावर माझं काय राहतं, तेवढं सांग. उद्या त्या माणसानं हाकललं, तर हिरीजवळ दोन पत्रे टाकून राहता येईल ना मला?"

मला उत्तर माहीत होतं. दुसऱ्या कुणाच्या बहिणीला मी तेच उत्तर माइकवरून सांगत होतो. मी म्हणालो, "काही बदलत नाही ताई. नुसता कागद असतो."

आत साहेबांनी तिला विचारलं, राजीखुशीनं सही करताय ना? तिनं माझ्याकडे पाहिलं. साहेबांकडे नाही, माझ्याकडे. मी मान हलवली. तिनं सही केली — सावकाश, अक्षर न अक्षर लावून. मग साडी, मग जेवण. जाताना माझ्या हातात खाऊचे पैसे कोंबायला ती विसरली नाही.

आणि भाषणातलं ते वाक्य? ते मी गाळलं नाही. पुढे कितीतरी ठिकाणी म्हटलं. टाळ्या पूर्वीसारख्याच पडायच्या. तेव्हा मला काय वाटत होतं? आठवायचा प्रयत्न करतो. भीती वाटली असती, लाज वाटली असती, तर आज सांगायला सोपं गेलं असतं. बहुतेक काहीच वाटत नव्हतं.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. दाजींनी ताईला लेकीसकट घराबाहेर काढलं, त्याला महिना झाला होता. ती गावी आली, विहिरीजवळ जागा मागितली. काका म्हणाले, तुझी कुठली जागा? आईचं त्यांच्यापुढे चाललं नाही. ती तलाठ्याकडे गेली. त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं — मी सांगायला हवं होतं ते सगळं. मला फोन न करता ती पिंपळगावकडे बागेच्या कामाला निघून गेली. मजुरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहते म्हणे. जाण्याआधी नळावर बायकांनी तिला टोचून विचारलं होतं, एवढा शिकलेला भाऊ, त्यानं सांगितलं नाही का गं तुला?

ताई म्हणाली, "त्यानं समदं सांगितलं व्हतं. मीच समजून सही केली."