विभाग सुधारत गेला ती तीन वर्षं

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या कंपनीत माझं काम असेसमेंटचं होतं. गाडीच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासणारे विभाग काम कसं करतात, दरवर्षी किती सुधारतात, ते बघून त्यांना लेव्हल द्यायची. त्यातल्या एका विभागाच्या प्रमुखांनीच मी पुण्याहून नवी आले तेव्हा मला ब्रेक शिकवले होते. साठीला आलेले जर्मन गृहस्थ. माझ्या मोडक्या जर्मनला ते कधी हसले नाहीत.

पहिल्या वर्षी त्यांच्या विभागाला मी लेव्हल एक दिली, म्हणजे सगळ्यात खालची. काम चोख, पण कागदावर काहीच नाही, सगळं त्यांच्या डोक्यात.

"उद्या तुम्ही आजारी पडलात तर?" मी विचारलं.

"मी आजारी पडत नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या वर्षी गेले तर प्रत्येक चाचणीची पायरी न् पायरी लिहिलेली. तिसऱ्या वर्षी तर कोणाकडे कुठलं काम, हेही फोटोसकट भिंतीवर. मी काहीही विचारलं की ते वही उघडत आणि ओळीखाली बोट धरून उत्तर वाचत. मला कोण आनंद झाला! लेव्हल तीन दिली. सगळ्या विभागांच्या बैठकीत त्यांना उभं केलं आणि म्हटलं, "सुधारणा कशी करायची, ते यांच्याकडून शिका." टाळ्या पडल्या. ते खाली बघत राहिले.

पुढच्या महिन्यात ते यायचेच थांबले. त्यांची बायको टेबल आवरायला आली, तेव्हा मी मदतीला गेले. खणात वह्याच वह्या. एकीत पार्किंगपासून टेबलापर्यंतचा रस्ता लिहिलेला, कुठे वळायचं, कुठलं दार. एका पानावर मी होते: 'पुण्याची. चष्मा. ब्रेक मी शिकवले. प्रश्न विचारते, घाबरायचं नाही.'

मला ती वही मिटवेना.

"दोन वर्षांपूर्वीच निदान झालं होतं," बाई म्हणाल्या. "विसरायच्या आत सगळं लिहून काढायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं."

आणि मी त्या लिहिण्याला लेव्हल देत होते. दरवर्षी समोर बसून, त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता, कागद तपासत.

पुढच्या वेळी त्या विभागाची असेसमेंट मी सहकाऱ्याला करायला सांगितली. त्याने लेव्हल चार दिली. नवे लोक त्यांच्या वह्यांवरून बिनचूक काम करत होते. हे त्यांना सांगावं म्हणून मी त्यांच्या घरी गेले.

ते खिडकीशी बसले होते. इतकी वर्षं मला 'डू' म्हणून अगं-तुगं करणारा माणूस उठून उभा राहिला आणि 'झी' म्हणून अहो-जाहो करू लागला, अगदी परक्या बाईला करावं तसं. मी बातमी सांगितली. त्यांनी लक्षपूर्वक ऐकली, माझा हात हातात घेतला.

"अभिनंदन," ते म्हणाले. "तुम्ही फार कष्ट घेतले असणार."

मी "हो" एवढंच म्हणू शकले. बाहेर येऊन स्टॉपवर उभी राहिले. दोन बस आल्या नि गेल्या, मला चढता आलं नाही.