ग्रामसभेने रद्द केलेला हुकूम

“वकीलसाहेब, तुमच्या पक्षकाराच्या ग्रामसभेने माझा हुकूम रद्द केला आहे,” मॅजिस्ट्रेट साहेब म्हणाले आणि चेंबरमध्ये पोस्टाने आलेला ठराव त्यांनी माझ्यापुढे सरकवला. ठराव रीतसर होता. सूचक सरपंच, अनुमोदक माजी सरपंच, मंजूर एकमताने. या दोघांचं एकमत मी प्रथमच पाहत होतो.

मी पाथर्डीला वकिली करतो. पक्षकार साहेबराव आबा, ऊसतोड कामगार. घोडेगावच्या बाजारातून बैलजोडी घेऊन ते टेम्पोने गावाकडे निघाले होते. जनावरं नेण्याचा दाखला जवळ नव्हता. बैल कत्तलीला चालले आहेत असं धरून पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि जोडी गोशाळेत पाठवली. खटला संपेपर्यंत बैल सांभाळायला आमच्याकडे द्या, असा अर्ज मी केला. याला सुपूर्तनामा म्हणतात. अर्ज नामंजूर झाला. कारखान्याचा हंगाम तोंडावर होता. बैल नाहीत तर गाडी नाही, आणि गाडी नाही तर टोळीत जागा नाही.

मी म्हटलं, वर जाऊ. आबांना वर जायचं नव्हतं. त्यांना मॅजिस्ट्रेटवरच दावा लावायचा होता.

“हंगाम बुडाला तर भरपाई त्यांनीच द्यायची.”

“तसं होत नाही, आबा. अधिकारात राहून, प्रामाणिकपणे दिलेला हुकूम चुकला, तरी न्यायाधीशाकडे भरपाई मागता येत नाही. लाच खाल्ली असेल तर गोष्ट वेगळी.”

“लाच न्हाई खाल्ली. नुसतं चुकलंय.”

“मग वरचं कोर्ट हुकूम बदलतं.”

“आन त्यांचं काय?”

“त्यांचं काही नाही.”

“माझा बैल वाकडा चालला तर मी त्यालाच हाणतो. शेजाऱ्याकडं अर्ज न्हाई करत.”

“हरलेला प्रत्येक जण दावा लावू लागला, तर न्यायाधीश निकालच देणार नाहीत. नुसत्या तारखा देतील.”

“मग आत्ता काय देत्यात?”



आबांना कुणीतरी मोबाईलवर दाखवलं होतं, की जनता सार्वभौम आहे आणि तालुक्याचं कोर्ट हे ‘कोर्ट ऑफ रेकॉर्ड’ नाही. दोन्ही खरं आहे. ज्याचं दप्तर कायमचा पुरावा मानलं जातं आणि जे आपल्या अवमानाची शिक्षा स्वतः देऊ शकतं, ते कोर्ट ऑफ रेकॉर्ड. म्हणजे हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्ट. आबांनी यातून एवढाच अर्थ काढला, की पाथर्डीच्या कोर्टापेक्षा ग्रामसभा मोठी. ग्रामसभेलाही ते पटलं.

“हा अवमान मला हायकोर्टाला कळवावा लागेल,” साहेब म्हणाले. “पण लिहू काय? एका गावाने मला एकमताने रद्द केलं?”

“थोडं थांबा, साहेब. मी नगरला जातो.”

त्यांनी ठराव ड्रॉवरमध्ये ठेवला.

नगरच्या सेशन कोर्टात मी रिव्हिजन दाखल केलं. खालचा हुकूम तपासून पाहा, अशी ही विनंती. ती मान्य झाली. बंधपत्र आणि एक स्थानिक जामीनदार घेऊन बैल परत द्यावेत, असा हुकूम झाला. बंधपत्र घेणार होते आमचेच मॅजिस्ट्रेट. एकमत करणाऱ्या गावातलं कुणीच जामीन राहायला त्या दिवशी मोकळं नव्हतं. आबांनी सरपंचालाच मोटारसायकलवर बसवून आणलं.

“ठरावाचे सूचक तुम्हीच ना?” साहेबांनी विचारलं.

“व्हय साहेब.”

“आता काय म्हणणं आहे?”

“काय न्हाई साहेब. तुमचा हुकूम हाय, नगरचा हाय. समदं बराबर हाय.”

“इथे सही करा. तिथे केली तशीच.”

सरपंचाने सही केली. आबा मागून मला म्हणाले, “बघा. शेवटी बैल जनतेच्याच सहीवर सुटलं.”

हंगाम मिळाला. ठराव ड्रॉवरमधून पुढे गेला नाही.

आबा गेल्या महिन्यात वारले. खटला इतक्या वर्षांनंतरही उभाच होता. आरोपी वारला की त्याच्यापुरता खटला बंद होतो. मृत्यूचा दाखला मीच हजर केला. साहेब आता दुसरे आहेत. त्यांनी तो वाचला आणि पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं.

जनता सार्वभौम आहे, पण बैल सोडवायला जामीनदार लागतो. मी नव्या वकिलांना एवढंच सांगतो. आबा निर्दोष होते, असं मात्र कुठल्याही कोर्टाच्या दप्तरात आता लिहिलं जाणार नाही. ती जोडी आबांच्या गाडीलाच म्हातारी झाली. मी पाहिलं आहे.