पडवीतली जागा

नेत्याचा वाढदिवस आला की आमच्याकडे केळी येतात. घडच्या घड. कधी सोबत सफरचंदं, कधी बिस्किटांचे पुडे, आणि त्यांच्या मागोमाग कडक इस्त्रीतली माणसं. ती आधी दारात फलक बांधतात, मग चपला न काढता आत शिरतात आणि ज्यांना गिळता येत नाही अशा माणसांच्या हातात फळं कोंबून फोटो काढतात. याला फळवाटप म्हणतात.

आमच्याकडे म्हणजे कापूरहोळहून भोरकडे वळलं की रस्त्यापासून जरा आत असलेल्या एका बैठ्या घरात. ज्यांच्या आजारावर आता औषध उरलेलं नाही अशा माणसांना आम्ही तिथे ठेवून घेतो. दुखणं आटोक्यात ठेवतो, जखमा धुतो, अंग पुसतो, शेवटपर्यंत सोबत करतो. पाटीवर 'शुश्रूषा केंद्र' लिहिलं आहे. रस्त्यावरचे टेम्पोवाले 'शेवटचा स्टॉप' म्हणतात. मला त्यांचं नाव जास्त पटतं.

माझं काम आतलं कमी आणि बाहेरचं जास्त. मी भोंगवलीची. भोर-वेल्ह्याची गावं फिरते, असं घर आहे हे लोकांना सांगते, पट्ट्यांसाठी जुनं सुती कापड मागते, आणि एखाद्या पेशंटला आपल्या घरी जाऊन मरायचं असेल तर त्याच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना त्यासाठी तयार करते. अहवालात या सगळ्याला 'लोकसहभाग' म्हणतात. सुती कापड मागितलं तेव्हा एका गावाने मोठ्या उत्साहाने गाठोडं बांधून पाठवलं. उघडलं तर नायलॉनच्या चिंध्या, एकेकटे मोजे आणि नुकत्याच गेलेल्या कुणा म्हाताऱ्याची न धुतलेली गोधडी. ती नदीत सोडायची, तर आमच्याकडे सोडली होती. फोन केला तर पलीकडून म्हणाले, "आता त्येंना काय, काय बी चालतंय."

लोक मला विचारतात, तुम्हाला तिथे किळस येत नाही का? येते. सुरुवातीला दुपारचा डबा तसाच परत न्यायचे. सडणाऱ्या जखमेचा वास केसांत बसतो, शिकेकाईने धुतला तरी निघत नाही. पण त्याची सवय झाली. माणसांची होईना.

हिर्डोशीच्या पुढे, घाटाच्या बाजूला एक वाडी आहे. तिथली एक मावशी आमच्याकडे होती. जन्मभर मिश्री लावलेली. गालाचा कॅन्सर होऊन गाल आरपार गेला होता आणि नाकातल्या नळीतून तिला पातळ अन्न द्यावं लागायचं. गोळ्या कुटून जखमेत भरल्या की वास कमी व्हायचा, पण जायचा नाही. ती दिवसभर अर्धं तोंड पदराने झाकून भिंतीकडे वळून असायची. बोलणं सगळं घरंगळलेलं. पंधरवडाभर तिच्या उशाशी बसल्यावर मला ते कळायला लागलं, आणि कळलं तेव्हा लक्षात आलं की ती रोज एकच गोष्ट सांगते आहे.

"मला घरी न्हे ताई. पडवीत टाका. माजघर नगं मला. म्हशीपाशी टाका. म्हशीला वास न्हाई येत."

एवढंच हवं होतं तिला. पडवीतली जागा.

त्या आठवड्यातच फळवाटप झालं. एकाने तिच्या हातात सफरचंद दिलं. फोटो काढणारा म्हणाला, "आजी, पदर जरा बाजूला घ्या, चेहरा येत न्हाई." मी पुढे होईपर्यंत दुसऱ्याने मोठ्या आपुलकीने तिचा पदर सरकवलासुद्धा. मग सगळे एकदम मागे सरले. एकजण बाहेर पळाला आणि जास्वंदीच्या मुळाशी भडाभडा ओकला. त्याच्यावर मी चिडले नाही, त्या सगळ्या टोळीत तेवढी एक गोष्ट खरी होती. बाकीच्यांनी रुमाल नाकाला लावले, पलीकडच्या, जरा बऱ्या दिसणाऱ्या आजोबांच्या खाटेशी गेले, रुमाल खिशात घातले आणि हसून फोटो काढला. मावशीच्या हातातलं सफरचंद मी काढून घेतलं तेव्हा तिने ते इतकं घट्ट धरलं होतं की नखं आत रुतली होती.

डॉक्टर म्हणाले, घरी न्यायला हरकत नाही. आमची नर्स आठवड्याला जाईल, औषधं आम्ही देऊ. घरातल्या एका बाईने पट्टी बदलायला शिकायचं आणि शेजारणींनी आळीपाळीने तासभर बसायचं, म्हणजे झालं. हे जमवणं माझ्याकडे होतं. मी सकाळच्या एसटीने हिर्डोशीला उतरले आणि वाडीपर्यंत चालत गेले.

वाडीने माझं असं स्वागत केलं की मला तिथेच शंका यायला हवी होती. देवळात सतरंजी टाकलेली. शाल दिली, नारळ दिला, कारभाऱ्यांनी भाषण केलं. कारभारी म्हणजे वाडीतले वडीलधारे, ज्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही. "ताई देवमानूस हायत," ते म्हणाले. "आपल्या माउलीची सेवा करत्यात. असं काम कुनी करनार न्हाई." बायकांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, हे काम आता तुम्ही करायचं आहे, आणि कसं ते समजावून सांगितलं.

कुणीतरी चहा आणायला उठलं.

"ह्यो रोग पसरतो म्हनत्यात," एक बाई म्हणाली. मी सांगितलं, पसरत नाही. "आमाला ठावं हाय वो," पुरुषांतून आवाज आला, "पन बायका ऐकत न्हाईत." बायका म्हणाल्या, आमचं काय न्हाई, गडी माणसं जेवत न्हाईत वासानं. मग पाण्याचा विषय निघाला, मग लहान पोरांचा. मावशीचा मुलगा खाली मान घालून बसला होता. तो वाईट नव्हता, दारू पीत नव्हता, आईला शिव्या देत नव्हता. त्याची बायको पोटुशी होती. तो म्हणाला, "जत्रा हुं दे ताई. पावनं येत्यात, मटान आसतंय. तवा वास कसा चालंल घरात?"

जत्रा झाली. मी पुन्हा गेले. आता बायकोचे दिवस भरत आले होते. ती बाळंत झाली, तर बारसं होऊ दे. बारसं झालं, तर भातलावणी. प्रत्येक वेळी चहा, प्रत्येक वेळी "लई उपकार तुमचं". एकदाही कुणी नाही म्हणालं नाही. नाही म्हणाले असते तर मी भांडले असते, रडले असते, दुसरी काही सोय शोधली असती. या गोड बोलण्याला कुठून हात घालावा तेच समजेना.

मावशी विचारायची, "कदी?"

मी "लावणी चाललीय मावशी," म्हणायचे. तिला ते लगेच पटायचं. लावणीत कोण रिकामं असतं, असं हातानेच दाखवायची. आपल्याला टाळणाऱ्यांची बाजूही तीच घ्यायची, आणि त्याचा मला अजून राग येतो.

मध्ये एकदा वाडीची माणसं टेम्पो भरून भेटायला आली. आपल्याकडे शेवट जवळ आलेल्याला बघून घ्यायची रीत आहे. आले ते नाकाला पदर लावून दारातच थांबले, आणि बायकांनी तिथूनच गळा काढला. "आगं माजे बाये, आशी कशी गं ग्येलीस!" मावशी जिवंत होती, शुद्धीत होती. तिने उशी कानावर ओढून घेतली. त्या गर्दीतून एकटी तिची जाऊ आत आली. दोघींचं कित्येक वर्षं बांधावरून वैर होतं, बोलणंसुद्धा नव्हतं. तिने पदर कमरेला खोचला, मावशीचे केस सोडले, तेल लावून विंचरले, घट्ट अंबाडा बांधला आणि म्हणाली, "म्हस गाबन हाय तुजी." मावशीच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या सगळ्या महिन्यांत मी पाहिलेली एवढी एकच माणसासारखी गोष्ट. जावेला मी बाजूला घेऊन विचारलं, तुमच्या पडवीत ठेवता का? ती म्हणाली, "म्या ठिवते वो. पन त्येची आय हाय. त्येच्या घराला नाक राहंल का मग?"

मुलाने ठेवायची नाही आणि दुसऱ्या कुणी ठेवली तर मुलाची अब्रू जाते.

लावणी उरकत आली आणि मावशी आमच्याच खाटेवर गेली. दुपारची वेळ होती. मी पट्टी बदलत होते. शेवटपर्यंत तिने हात माझ्या मनगटावर ठेवला होता, आणि शेवटचं जे बोलली तेही घराचंच.

त्यांनी तिला नेलं ते थेट नदीवर. दारातसुद्धा गाडी थांबवली नाही. बाळंतीण आहे, लहान लेकरू आहे, म्हणाले.

दोन दिवसांत रस्त्याला फ्लेक्स लागला. मावशीचा कुठल्या तरी लग्नातला जुना फोटो, दोन्ही गाल शाबूत, उजळ केलेले. भावपूर्ण श्रद्धांजली. खाली शोकाकुल म्हणून अख्खी वाडी आणि वर तिच्यापेक्षा मोठ्या आकारात नेता. मी तो फ्लेक्स बघत उभी राहिले. ज्या चेहऱ्याकडे कुणी बघायला तयार नव्हतं तो आता येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांसाठी टांगला होता.

दहाव्याला मला आग्रहाने बोलावलं. जायचं नव्हतं, पण त्या बाईचं कुणीतरी तिथे असावं म्हणून गेले. नदीकाठी मांडव, कर्णे, प्रवचन. नेत्याने पाठवलेला माणूस माइकवर बोलला. मातृप्रेम, संस्कार, आईची सेवा हीच ईश्वरसेवा. नंतर भाताचा पिंड मांडला आणि सगळे मागे सरून उभे राहिले. कावळा शिवला म्हणजे गेलेल्याच्या मनात काही राहिलेलं नाही, असं मानतात.

कावळे उंबरावर बसले होते, पण एकही खाली उतरेना.

मग बोली सुरू झाल्या. कावळा येईना की गेलेल्याच्या मनात काय राहिलंय ते ओळखून त्याला वचन द्यायचं. "नातवंडाला नीट सांभाळू!" कावळे हलले नाहीत. "म्हस इकनार न्हाई!" नाहीत. "लेकीला माहेर तोडनार न्हाई!" "बांधाचं भांडान मिटिवतो!" ऊन चढलं. पंगतीचा भात गार व्हायला लागला. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववू. तेव्हा कारभारी माझ्याकडे वळले.

"ताई, तुमी शेवटपत्तूर हुता तिच्यापाशी. काय बोलत हुती ती?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी आवाज जराही न दबवता सांगितलं. "तिला घरी यायचं होतं. पडवीत. चैत्रापासून रोज तेवढंच मागत होती. तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं."

कुणी वर बघेना. मला वाटलं, आता तरी कुणाला तरी लाज वाटेल, कुणीतरी रडेल. तसं झालंही असतं, मुलाचा चेहरा खरंच वाकडातिकडा झाला होता. पण कारभाऱ्यांच्या तोंडावर मोकळं हसू आलं. कोडं सुटलं होतं. त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढे ढकललं. "बोल की मग! बोल लवकर!"

मुलाने हात जोडले. "आये," तो मोठ्याने म्हणाला, "तुला घरी न्हेतो. पडवीत न्हाई ठिवायचो, माजघरात ठिवतो."

आणि उंबरावरून एक कावळा उतरला आणि पिंडाला चोच लावली.

"शिवला! शिवला!" केवढा आनंद झाला त्यांना. बायकांनी डोळे पुसले. एकीने माझे हात धरले, "ताई, तुमच्यामुळं सुटली ओ माउली." मला आयुष्यात कधी पाखराची किळस आली नव्हती. त्या दिवशी आली.

मला पंगतीत पहिल्या ओळीला बसवलं. आमटी-भात, बुंदी. मुंडण केलेला मुलगा हात जोडून सगळ्यांना सावकाश जेवायला सांगत फिरत होता. हलका दिसत होता, कितीतरी महिन्यांनी मान वर करून चालत होता. माझ्यासमोर आला तेव्हा मी विचारलं, "कधी नेताय मग घरी?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"कुनाला?" तो म्हणाला.