डिप्रेशन कुठं आलं?

आमच्या बाबांच्या डिप्रेशनमुळे अल्लीपुरातल्या एका अख्ख्या गल्लीचं वाळत घातलेलं सोयाबीन भर उन्हात ताडपत्रीखाली गेलं.

झालं असं. दिवाळीआधी बाबांचं वावरात जाणं बंद झालं, मग बोलणंही. वांग्याला भाव काय मिळाला हेसुद्धा विचारेनात, तेव्हा मी घाबरलो आणि त्यांना डॉक्टरांकडे नेलं. परतताना ते एवढंच म्हणाले, "गावात कोनाले सांगू नको. लोकं पागल म्हनतीन." मी शब्द दिला.

दारातच शेजारचे गजाननभाऊ! "काय म्हनते डॉक्टर?"

मी पडलो वर्ध्याच्या कॉलेजातला इंग्रजीचा प्राध्यापक. (गावाला कळू नये म्हणून इंग्रजी बोलायचं, हा माझा हातखंडा!) रुबाबात म्हणालो, "डिप्रेशन आहे."

"बाप रे! बंगालच्या खाडीत का?" उत्तराला ते थांबलेच नाहीत. "सोयाबीन झाका रे, डिप्रेशन आलं!"

टीव्हीवरच्या हवामानवाल्यांनी माझं इंग्रजी आधीच घरोघरी पोचवलं होतं. गल्लीत ही पळापळ! (डॉक्टर पावसाचं कशाला सांगतील, हे कोणालाच सुचलं नाही.) मी खूश, गुपित राहिलं. तेवढ्यात मागून बाबा कडाडले, "आपलं सोयाबीन काऊन उघडं हाय बे? पाहून काय राह्यला, ते टोक धर!" कित्येक दिवसांनी त्यांचा चढा आवाज ऐकून इतकं बरं वाटलं, की आभाळ कोरडं आहे हे मी सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्ली आमच्या ओट्यावर. "पानी कुठं हाय, प्रोफेसर? झाकून झाकून सोयाबीनले वास सुटला!"

मी चष्मा सावरला. "शब्द लॅटिन आहे. 'दे' म्हणजे खाली, 'प्रेमेरे' म्हणजे दाबणे."

"यात प्रेम कुठून आलं?" गजाननभाऊंनी विचारलं.

"प्रेम नाही हो, दाब! हवेचा दाब खाली गेला की आभाळाचं डिप्रेशन. मन खाली दबलं की माणसाचं, जसं बाबांचं..."

जीभ चावली, पण उशिरा.

बाबा खाटेवरून हळूच म्हणाले, "बराबर हाय. छातीवर पोतं ठेवल्यावानी वाटते. गोळ्या चालू केल्या."

कोणी हसलं नाही. गजाननभाऊ त्यांच्याजवळ टेकले. "मंग सांगाचं ना, भाऊ! निवळते ते. सकाळी चाल, वावरात चक्कर मारू."

आता रोज कोणी ना कोणी बाबांना विचारतं, "आज आभाळ कसं हाय?" बाबा कधी "ढगाळ" म्हणतात, कधी "निवळून राह्यलं". मला मात्र कोणी काही विचारत नाही. माझ्या अंदाजावर त्या गल्लीत आता कोणी पापडसुद्धा वाळत घालत नाही!