तांब्यावरची चकाकी

माझा वैरी शेजारच्याच खोलीत बसायचा आणि मराठी होता. जयपूरला आमच्या भौतिकशास्त्र विभागात मराठी प्राध्यापक आम्ही दोघंच, त्यामुळे भांडण अगदी मोकळेपणानं व्हायचं. बाकीच्यांना वाटे, गणपतीचा नैवेद्य ठरतोय.

भांडण पॉझिट्रॉनच्या यंत्रावरून, म्हणजे त्याच्या खोलीची किल्ली कुणाकडे राहणार यावरून. धातूच्या दोन सारख्या तुकड्यांमध्ये किरणोत्सारी सोडियम ठेवायचं. त्यातून निघालेला पॉझिट्रॉन धातूत शिरतो, एखाद्या इलेक्ट्रॉनला गाठतो, आणि दोघं फोटॉन होऊन संपतात. तो किती जगला, हे यंत्र मोजतं. धातूत सूक्ष्म पोकळ्या असल्या, तर जरा जास्त जगतो. एकाच कांबीतून कापलेल्या तांब्यात माझा पॉझिट्रॉन झटपट मेला, त्याचा रेंगाळला. विभागप्रमुख वैतागले, "जिसका नंबर सही, चाबी उसकी!"

"बाई, तुम्हाला यंत्रच लावता येत नाही," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "माझे तुकडे बघा. आरसा आहे आरसा!"

खरंच होता. मी त्यात बघून टिकली सरळ केली आणि विचारलं, "भट्टीत तापवायच्या आधी घासलेत, की नंतर?"

"नंतर. तापवल्यावर काळे पडतात. तसेच लावू?"

मला नाचावंसं वाटलं. भट्टीत तांब्यातले पोकळ्यांसारखे दोष जातात. घासलं की वरच्या थरात नवे तयार होतात. आणि आमचे पॉझिट्रॉन जेमतेम त्या थरापर्यंतच पोचतात! हा गृहस्थ तांबं मोजतच नव्हता, स्वतःचं पॉलिश मोजत होता.

मी प्रमुखांच्या देखत त्याचे दोन्ही तुकडे सौम्य नायट्रिक आम्लात सोडले.

"अहो, काय करताय!" त्याचा आवाज चिरकला.

वरचा थर विरघळला, चकाकी गेली. धुऊन, वाळवून पुन्हा मोजले. त्याचा आकडा मुकाट्यानं माझ्या आकड्याशेजारी येऊन बसला.

किल्ली त्यानं माझ्या हातात दिली नाही, टेबलावर आपटली. दुसऱ्या दिवशी यंत्राच्या खोलीतला एसी काढून नेला. एसी त्याच्या प्रकल्पातून आलेला, तक्रार कशी करणार? मे महिना होता. खोली तापली की यंत्राचे आकडे सरकतात, मोजणीला काही अर्थच उरत नाही.

दिवाळीपर्यंत यंत्र बंद पडून होतं.

"काय बाई, जोरात चाललंय ना?" तो दारातून विचारायचा, अगदी गोड आवाजात.

"झकास!" मी म्हणायचे, आणि किल्ली पर्समध्ये टाकून घरी जायचे.